परदेशातील शालेय वर्ष आणि यजमान कुटुंबातील वास्तव्य : गोव्यातील पालक आणि विद्यार्थ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शालेय वयात परदेशी जाऊन तेथील कुटुंबात राहण्याविषयीचे प्रश्न फोंडा, म्हापसा, डिचोली, पेडणे, मडगाव अशा सगळीकडून येतात आणि त्यांतले बरेचसे तेच ते असतात. मी स्वतः जर्मनीत यजमान कुटुंबात राहून एक शैक्षणिक वर्ष पूर्ण केले आहे आणि त्यानंतर अनेक मुलामुलींना अशा वर्षाच्या तयारीसाठी मदत केली आहे. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांचीच उत्तरे येथे एकत्र केली आहेत. व्हिसाचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून अर्ज भरण्याआधी संबंधित देशाच्या वाणिज्य दूतावासाचे संकेतस्थळ अवश्य पाहावे.

१. यजमान कुटुंब म्हणजे नेमके कोण? मुलांना घरी ठेवण्याचे ते पैसे घेतात का?

यात दोन अगदी वेगळ्या व्यवस्था आहेत आणि त्यांची गल्लत झाली की पुढच्या सगळ्या अपेक्षा चुकतात. शालेय विनिमय कार्यक्रमांत कुटुंब विद्यार्थ्याला स्वखुशीने घरी ठेवते, त्याला जेवण आणि झोपण्याची जागा देते आणि त्याबद्दल मोबदला घेत नाही. अमेरिकेच्या जे-१ व्हिसावरील (विनिमय कार्यक्रमांसाठीच्या व्हिसावरील) शालेय कार्यक्रमात कुटुंबाला असा मोबदला देण्यास मनाईच आहे. दुसरी व्यवस्था सशुल्क होमस्टेची. ब्रिटन, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत भाषाशाळा आणि विद्यापीठे अशी घरे जोडून देतात आणि विद्यार्थी आठवड्याचे किंवा महिन्याचे ठरलेले शुल्क भरतो. या पानावरील बहुतेक उत्तरे पहिल्या व्यवस्थेविषयी आहेत. दुसरीविषयी प्रश्न १७ पाहावा.

२. कोणत्या वयात जाता येते आणि अर्ज कोणाकडे करायचा?

बहुतेक शालेय कार्यक्रम साधारण १५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी असतात. दोन जुने मार्ग आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहेत. पहिला एएफएस. ही संस्था १९१५ साली पहिल्या महायुद्धातील स्वयंसेवी रुग्णवाहिका सेवा म्हणून सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ पासून, तिने शालेय विद्यार्थ्यांची देवाणघेवाण हाती घेतली. दुसरा रोटरीचा युवा विनिमय कार्यक्रम. गोवा रोटरीच्या ३१७० या जिल्ह्यात येतो, त्यामुळे जवळच्या रोटरी क्लबात चौकशी केली तरी वाट सापडते आणि त्यासाठी पालकांनी स्वतः रोटरीचे सदस्य असलेच पाहिजे असे नाही.

अर्जाची प्रक्रिया प्रस्थानाच्या बरीच आधी, अनेकदा जवळजवळ वर्षभर आधी सुरू होते. दहावीचा निकाल हातात आल्यावर चौकशीला लागणाऱ्या पालकांना त्याच ऑगस्टात मुलाला पाठवणे सहसा जमत नाही. नववी संपतानाच विचार सुरू केलेला बरा.

३. खर्च किती येतो?

मार्गागणिक फार फरक पडतो, म्हणून येथे एक आकडा देणे योग्य होणार नाही. रोटरीत राहणे आणि शाळा यांचा भार यजमान क्लब आणि कुटुंबे उचलतात, विद्यार्थ्याला दरमहा थोडा हातखर्चही मिळतो आणि पालकांकडे विमानभाडे, विमा, व्हिसा व कपडालत्ता एवढे राहते. इतर संस्था कार्यक्रम शुल्क आकारतात आणि काही वेळा शिष्यवृत्ती देतात. विम्यावर काटकसर करू नये. अमेरिकेच्या जे-१ नियमांनुसार प्रत्येक आजार वा अपघातामागे किमान १,००,००० डॉलरचे संरक्षण असणे बंधनकारक आहे आणि तेथील रुग्णालयांची बिले पाहिली की ही रक्कम अवास्तव वाटत नाही.

४. आमची मुलगी गेली तर आम्हालाही परदेशी मुलाला घरी ठेवून घ्यावे लागेल का?

रोटरीत तशी अपेक्षा सहसा असते. इतर कार्यक्रमांत ती बहुधा ऐच्छिक असते. ठेवून घेणार असाल तर परदेशी व्यक्ती घरी उतरल्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे, हे लक्षात ठेवावे. माझे स्वतःचे मत असे की शक्य असेल त्या कुटुंबाने हे करावेच. आपल्या घरात परके मूल वावरू लागले की आपल्या मुलीला तिकडे काय जड जात असेल, ते पालकांना न सांगता कळते.

५. यजमान कुटुंब आम्हाला निवडता येते का?

विनिमय कार्यक्रमात निवड कुटुंब करते, विद्यार्थी नाही. तुमच्या वाट्याला दोन लहान मुलांचे घर येईल, एकटी आई असेल, निवृत्त जोडपे असेल किंवा तुमच्या कल्पनेतल्या वर्णापेक्षा व धर्मापेक्षा वेगळे कुटुंब असेल. शहराचे नाव पाहून हिरमुसू नये. खेड्यातल्या घरी भाषा लवकर येते, कारण इंग्रजीत सुटका करून घेण्याची सोय तिथे कमी असते.

विद्यार्थ्याच्या हातात असते ते यजमानांना लिहायचे परिचयपत्र, आणि नेमके तेच बहुतेक जण घाईत उरकतात. मला वाचन आणि संगीत आवडते, या वाक्याने कोणत्याही कुटुंबाला काहीही कळत नाही. सकाळी पोदेराच्या सायकलचा भोंगा ऐकू आला की पाव आणायला कोण धावते, चवथीला माटोळी बांधताना तुमच्याकडे कोणते काम असते, धाकट्या भावाशी भांडण कशावरून होते, हे लिहावे. कुत्र्याची भीती, दमा, शेंगदाण्याची अॅलर्जी, शाकाहार यांपैकी काहीही लपवू नये. पत्र मुलाने स्वतः लिहावे. पालकांनी लिहिलेले पत्र दोन ओळींत ओळखू येते.

६. अकरावीचे वर्ष वाया जाते का? परत आल्यावर थेट बारावीला बसता येते का?

याचे उत्तर तुमच्या उच्च माध्यमिक विद्यालयाकडून निघण्यापूर्वी लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर जाऊ नये, कारण वर्षभरात प्राचार्य बदलू शकतात. विद्यालयाने पर्वरीच्या गोवा शिक्षण मंडळाकडे विचारणा करायची म्हटले तर ती निघण्याआधीच करून घ्यावी. परदेशी शाळेकडून विषय, गुण आणि हजेरी यांचे शिक्क्यासह पत्रक मागून आणावे. ते नंतर मिळवणे त्रासाचे असते.

विज्ञान शाखेकडे जाऊन नीट किंवा जेईई देणाऱ्या मुलांनी अकरावी परत करावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. तेथील शाळेत भौतिकशास्त्र शिकवतात, पण ते या परीक्षांच्या अभ्यासक्रमाप्रमाणे नसते. एक वर्ष मागे पडण्याची भीती पालकांना जास्त वाटते. मुलांना ती फारशी वाटत नाही.

७. व्हिसासाठी कुठे जावे लागते?

अमेरिका आणि जर्मनी या दोन्ही देशांच्या बाबतीत गोवा मुंबईतील वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो. अमेरिकेसाठी प्रायोजक संस्था डीएस-२०१९ हा कार्यक्रमासाठी पात्र असल्याचा दस्तऐवज पाठवते, त्यानंतर सेविस (परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकी सरकारी नोंदप्रणाली) शुल्क भरून मुलाखतीची वेळ घ्यावी लागते. जर्मनीत ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचे असेल तर शेंगेन पर्यटक व्हिसा चालत नाही, राष्ट्रीय व्हिसा लागतो आणि अल्पवयीन मुलासाठी आईवडील दोघांची संमती मागितली जाते. पालक विभक्त असतील किंवा वडील जहाजावर नोकरीला असतील, जे गोव्यात नेहमीचेच आहे, तर संमतीपत्राची व्यवस्था काही महिने आधी करावी.

मुलांचा पासपोर्ट बहुधा पाच वर्षांच्या मुदतीचा असतो. अकराव्या-बाराव्या वर्षी काढलेला पासपोर्ट नेमका परदेशातील वर्षात संपतो. मुदत आधी तपासावी आणि गरज असल्यास पणजीच्या पासपोर्ट कार्यालयातून नूतनीकरण करून घ्यावे.

८. आजोबांचा जन्म १९६१ पूर्वीचा आहे. पोर्तुगीज पासपोर्ट काढून मुलाला पाठवले तर सोपे जाईल का?

हा प्रश्न गोव्याबाहेर कोणाला पडत नाही, पण येथे तो सतत येतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना ठरावीक अटींवर लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते, हे खरे आहे. तथापि भारतीय नागरिकत्व कायदा, १९५५ मधील कलम ९ नुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. युरोपीय संघातील नागरिकाला जर्मनीत राहण्यासाठी व्हिसा लागत नाही, एवढा लाभ त्यात आहे. अमेरिकेच्या बाबतीत तोही नाही, कारण पोर्तुगीज पासपोर्टावर मिळणाऱ्या ९० दिवसांच्या व्हिसामुक्त प्रवेशावर शाळेचे वर्ष करता येत नाही, जे-१ व्हिसा काढावाच लागतो. परत आल्यावर मात्र मूल आपल्याच गावात परदेशी नागरिक ठरते आणि त्याला ओसीआय (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांसाठीचे) कार्ड किंवा व्हिसा लागतो. केवळ एका शालेय वर्षासाठी एवढा मोठा निर्णय घेऊ नये.

९. सामानात काय न्यावे आणि काय नेऊ नये?

सुके खोबरे नेऊ नये. त्यातील तेलामुळे ते आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांत मोडते आणि विमानतळावर काढून ठेवले जाते. युरोपीय संघात मांस आणि दुग्धजन्य पदार्थ आणण्यास बंदी आहे, म्हणजे खव्याची मिठाई आणि तूपही बाद. अमेरिका व ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याची प्रत्येक वस्तू घोषणापत्रात लिहावी. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतली जाते, लपवलेल्या वस्तूसाठी दंड होतो.

यजमानांसाठी भेट महाग नसावी. काजूगर सर्वांना आवडतात, मात्र घरात कोणाला त्यांची अॅलर्जी आहे का ते आधी विचारावे. दोन पाककृती नीट शिकून जाव्यात. साहित्य तिथे मिळेल अशा पाककृती निवडाव्यात. तिरफळांशिवाय ज्याची चव उभी राहत नाही ते हुमण निवडू नये.

१०. मुलगी म्हणते, भूक लागली तरी मागायला संकोच वाटतो. हे लोक आग्रह का करत नाहीत?

मला येणाऱ्या प्रश्नांत हा सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगते. आपल्याकडे पाहुण्याने आधी नको म्हणायचे असते, वाढणारीने ते ऐकून न ऐकल्यासारखे करायचे असते आणि शेवटी ताटात भात पडतोच. या रीतीत वाढलेले मूल तिकडे पहिल्याच संध्याकाळी सवयीने नको म्हणते आणि भांडे पुढे सरकते. तेथे नाही म्हटल्यावर पुन्हा विचारणे म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा मान न राखणे, असे मानतात. कुटुंब निष्काळजी नसते. त्याने तुमच्या मुलीचे म्हणणे खरे मानलेले असते.

जर्मन घरातील संध्याकाळचे जेवण पाहा. अनेक घरांत ते सहा-साडेसहालाच होते आणि थंड असते. प्रत्येकासमोर एक लहान लाकडी फळी आणि सुरी, मध्ये राय या धान्याच्या ब्रेडची टोपली, लोणी, दोन-तीन प्रकारचे चीज, काकडी आणि मुळ्याच्या चकत्या, व्हिनेगरातील काकडीची बरणी. कोणी कोणाला वाढत नाही, ज्याने त्याने आपल्या फळीवर घ्यायचे असते. रात्री नऊला गरम आमटीभात जेवणारी मुलगी दोन तुकडे खाऊन उठते, चीज परत फ्रिजमध्ये जाते आणि नऊ वाजता ती खोलीत उपाशी बसते, कारण दुसऱ्याच्या घरचा फ्रिज उघडणे तिला अशिष्टपणाचे वाटते. यजमान आईला मात्र वाटत असते की मुलीला हवे असते तर तिने घेतले असते.

यावर उपाय एकच आणि तो पहिल्या आठवड्यातच करायचा : न विचारता काय घेता येईल, हे एकदा सरळ विचारून घ्यायचे. मला अजून भूक आहे, मला थंडी वाजते, मला आज बरे वाटत नाही, हे मला समजले नाही, ही वाक्ये यजमानांच्या भाषेत निघण्यापूर्वीच पाठ करावीत आणि आरशासमोर मोठ्याने म्हणावीत. मनातले ओळखून करणारी आई तिकडे नसते. बोलल्यावर मनापासून करणारी माणसे मात्र असतात. प्रश्न ११ ते १६ मध्ये येणाऱ्या बहुतेक अडचणी याच एका सवयीने सुटतात.

११. आम्ही शिवराक आहोत. मुलाचे हाल होतील का?

पूर्ण शाकाहारी असाल तर ते अर्जातच स्पष्ट लिहावे. जर्मनीत आणि अमेरिकेच्या शहरांत शाकाहारी माणसे आता नवलाची राहिलेली नाहीत. खरी अडचण आपल्यासारख्या अर्ध्या नेमांची होते : घरी मासळी चालते, पण सोमवारी नाही, श्रावणात नाही, चवथीच्या दिवशी नाही. हे पत्रात समजावून सांगता येत नाही आणि यजमानांनी आठवड्याचे सामान शनिवारीच आणलेले असते. वर्षभरासाठी एकच नियम ठरवून तो सांगावा, असे मी सुचवते. अंडी चालतात का, मटणाच्या रश्शातील भाज्या चालतात का, जिलेटिन चालते का, याची उत्तरे घरी बसून ठरवावीत. गोमांस टाळायचे असेल तर पहिल्याच दिवशी सांगावे, कारण अमेरिकी घरात खिम्याचे पदार्थ बहुधा त्याचेच असतात.

१२. न्हाणीघर, गरम पाणी, कपडे धुणे यांवरून कुरबुरी होतात असे ऐकतो. काय लक्षात ठेवावे?

तेथील बाथरूमच्या फरशीला बहुधा पाणी वाहून जायला मोरी नसते. शॉवरचा पडदा टबच्या आत सोडावा, नाहीतर पाणी खालच्या मजल्याच्या छतात उतरते. आंघोळ थोडक्यात उरकावी. यंत्र कोणत्या दिवशी लावायचे आणि अंतर्वस्त्रे कोणी धुवायची, हे न लाजता विचारावे. जर्मनीत कडाक्याच्या थंडीतही खिडकी पूर्ण उघडून खोलीत हवा खेळवतात आणि त्या वेळी हीटर बंद ठेवतात. कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकण्याबाबत ते फार काटेकोर असतात. रात्री दहानंतर शांतता पाळावी.

१३. भांडी, गवत कापणे, लहान मुलांना सांभाळणे, एवढे काम करवून घेणे बरोबर आहे का?

घरातील स्वतःची मुले जेवढे काम करतात तेवढे विद्यार्थ्यानेही करावे. डिशवॉशर रिकामे करणे, आपली खोली झाडणे, कुत्र्याला फिरवून आणणे यांत कमीपणा काहीच नाही आणि न सांगता उठून हात लावणाऱ्या मुलाला घर पटकन आपले मानते. परंतु दररोज तासन् तास मुले सांभाळणे हे विनिमय विद्यार्थ्याचे काम नाही. ती ओ-पेअरची व्यवस्था झाली. ती १८ वर्षांवरील तरुणांसाठी असते, तिला वेगळा व्हिसा लागतो आणि जर्मनीत तिच्यात आठवड्याला ३० तासांची मर्यादा व ठरलेला हातखर्च असतो. शाळेचा अभ्यास बुडेल इतके काम पडत असेल तर प्रश्न १५ पाहावा.

१४. रोज व्हिडिओ कॉल करावा का?

करू नये. जर्मनी आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास मागे असते. आपण रात्री जेवून फोन करतो तेव्हा तिकडे संध्याकाळ असते, म्हणजे यजमान कुटुंब टेबलाशी एकत्र येण्याची नेमकी तीच वेळ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याशी अंतर साडेनऊ ते साडेदहा तासांचे आहे आणि आईची सकाळ मुलाची संध्याकाळ खाऊन टाकते. आठवड्यातून एक ठरलेली वेळ पुरते. पालकांना हे मुलांपेक्षा कठीण जाते, हे मी जाणते. तरीही लहानसहान तक्रार ऐकून गोव्यातून थेट यजमानांना संदेश पाठवणे कटाक्षाने टाळावे.

१५. यजमानांशी अजिबात पटत नसेल तर घर बदलता येते का?

येते. प्रत्येक विद्यार्थ्यामागे स्थानिक समन्वयक नेमलेला असतो आणि अमेरिकेत त्याने विद्यार्थ्याशी व कुटुंबाशी दरमहा संपर्क साधणे नियमानेच बंधनकारक आहे. अडचण आधी यजमानांशी, मग समन्वयकाशी, त्यानंतर भारतातील संस्थेशी बोलावी. रोटरीत वर्षभरात एकाहून अधिक घरे ठरलेलीच असतात, त्यामुळे तेथे बदल हे अपयश मानले जात नाही.

पहिल्या दोन-तीन महिन्यांतील कंटाळा आणि खरे न पटणे यांत फरक करावा. नोव्हेंबरात तिकडे चार-साडेचारला अंधार पडू लागतो आणि उन्हात वाढलेल्या आपल्या मुलांना तेव्हा सगळेच नकोसे वाटते. त्या आठवड्यांत मोठा निर्णय घेऊ नये. यजमानांबरोबर रविवारी चर्चला जाण्यावरूनही चिंता विचारली जाते. सोबत म्हणून जावे, प्रार्थनेत भाग घेण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. दारूचे मात्र पक्के ध्यानात ठेवावे : जर्मनीत १६ वर्षांच्या मुलाला बिअर कायद्याने मिळते, पण कार्यक्रमाचा नियम अधिक कडक असेल तर तोच लागू होतो. रोटरीत मद्यपान, अमली पदार्थ, वाहन चालवणे आणि प्रेमप्रकरणे या चारही गोष्टींना मनाई आहे आणि नियम मोडल्यास घरी परत पाठवले जाते.

१६. घरात कोणी गैरवर्तन केले तर?

येथे प्रश्न १५ मधील क्रम लागू होत नाही. नकोसा स्पर्श, धमकी, पासपोर्ट काढून घेणे, खोलीत कोंडणे किंवा उपाशी ठेवणे यांपैकी काहीही घडले तर यजमानांशी बोलत बसू नये. युरोपात ११२ आणि अमेरिकेत ९११ हा क्रमांक लावावा, नाहीतर शाळेतील शिक्षकांना गाठावे. समन्वयक आणि पालकांना लगेच कळवावे. बर्लिनमधील भारतीय दूतावास व फ्रँकफर्ट, म्युनिक, हॅम्बुर्ग येथील वाणिज्य दूतावासांचे क्रमांक निघण्यापूर्वी वहीत उतरवून घ्यावेत, कारण फोन हरवू शकतो.

अमेरिकेत यजमान घरातील १८ वर्षांवरील प्रत्येकाची गुन्हेविषयक पार्श्वभूमी तपासली जाते आणि घरी जाऊन मुलाखत घेतली जाते. तपासणीने धोका कमी होतो, संपत नाही. म्हणून मुलाला एवढे निःसंदिग्धपणे सांगून पाठवावे की अशा वेळी कोणाचे मन दुखावेल, वर्ष फुकट जाईल, पैसे बुडतील, याचा विचार त्याने करायचा नाही.

१७. पदवीसाठी जाणाऱ्याने सशुल्क होमस्टे घ्यावा का?

पहिल्या सत्रापुरता घ्यावा. घर पाहण्याची घाई टळते. करारात जेवणे किती, सुट्टीत गावी गेल्यास शुल्क किती, सोडण्याची सूचना किती दिवस आधी द्यायची आणि अनामत केव्हा परत मिळणार, हे वाचूनच सही करावी. विद्यार्थी १८ वर्षांखालील असेल तर आणखी नियम लागतात. कॅनडात १७ वर्षांखालील मुलाला स्थानिक पालकत्वधारक लागतो. ब्रिटनमध्ये १६ वर्षांखालील मूल नातेवाईक नसलेल्या कुटुंबात २८ दिवस किंवा अधिक राहणार असेल तर स्थानिक कौन्सिलला कळवावे लागते.

१८. चवथीला किंवा घरात काही दुःखद घडल्यास मध्येच येता येते का?

चवथीसाठी नाही. शाळा ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होते आणि मूल नुकतेच कुठे रुळू लागलेले असते. अशा दिवशी यजमानांच्या स्वयंपाकघरात नेवऱ्या करून पाहाव्यात, सारणासाठी किसलेले खोबरे तेथील दुकानांतही मिळते.

आजीआजोबांचे निधन झाल्यास बहुतेक संस्था थोड्या दिवसांसाठी परवानगी देतात, मात्र प्रत्येकीचा नियम वेगळा असतो आणि निघण्याआधी लेखी मान्यता लागते. व्हिसा एकदाच प्रवेश देणारा आहे की अनेकदा, हे प्रथम पाहावे. अमेरिकेत परतायचे असेल तर डीएस-२०१९ वर प्रायोजकाच्या जबाबदार अधिकाऱ्याची प्रवासासाठीची सही असणे आवश्यक आहे आणि ती सही ख्रिसमसच्या सुट्टीत चटकन मिळेलच असे नाही. म्हणून घरात कोणी फार थकलेले असेल तर ती सही वर्षाच्या सुरुवातीलाच घेऊन ठेवावी, आणि दुःखाची बातमी मुलाला समाजमाध्यमातून कळण्याआधी आईवडिलांनी स्वतः फोन करून सांगावी. त्याच वेळी यजमान आईलाही कळवावे, म्हणजे मूल घरात एकटे असताना ती बातमी त्याच्यावर येऊन आदळणार नाही.